संगणकावरचे घर आणि मावळचा पाऊस



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीचा अर्थ ज्याने घर बांधले त्याला वेगळा सांगावा लागत नाही. आयुष्यभराची पुंजी त्यात जाते, आणि एकदा उभी राहिलेली भिंत काही खोडरबराने पुसता येत नाही. म्हणून भिंत उठण्याआधी कागदावर ती नीट उठली पाहिजे. आज कागदाची जागा संगणकाने घेतली आहे. वडगाव, कामशेत, तळेगाव दाभाडे, लोणावळा, कुठेही जा, घर बांधायला निघालेल्या कुटुंबातला एखादा मुलगा किंवा मुलगी मांडीवर संगणक घेऊन घराचा नकाशा काढताना दिसते. ही चांगली गोष्ट आहे. पण यंत्राकडून काम करून घेताना काही पथ्ये पाळावी लागतात. ती कोणती, हे आज आपण पाहणार आहोत.

आधी या साधनाची थोडी ओळख करून घेऊ. पडद्यावर रेषा काढून आकृती तयार करण्याचे काम अमेरिकेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने १९६३ साली आपल्या प्रबंधात करून दाखवले. त्याच्या प्रणालीचे नाव स्केचपॅड. प्रकाशाची लेखणी पडद्याला टेकवायची आणि रेषा ओढायची, अशी ती युक्ती होती. पुढे १९८२ साली ऑटोकॅड आले आणि हे काम टेबलावरच्या लहान संगणकावर होऊ लागले. त्यानंतर घराचे सर्व बाजूंनी चित्र दाखवणारे स्केचअप आले. लिब्रेकॅड, फ्रीकॅड आणि स्वीट होम थ्रीडी ही सॉफ्टवेअरे तर फुकट मिळतात. घरच्या घरी विचार पक्का करण्यासाठी यांतले कोणतेही एक पुरे. दहा साधने अर्धवट येण्यापेक्षा एक पुरते येणे बरे, हे आपल्या गवंड्यालाही ठाऊक असते.

परंतु एक गोष्ट पहिल्यापासून ध्यानात धरा. हे साधन अतिशय आज्ञाधारक आहे. तुम्ही चुकीचे माप सांगितले तर ते चुकीचे घर अगदी सुबक काढून देईल. जुना नकाशेवाला हातातली पेन्सिल थांबवून विचारायचा, “अहो, इथे जिना बसेल का?” संगणक असे विचारत नाही. त्याला तुमची जागा माहीत नाही, शेजारी माहीत नाही, आणि मावळचा पाऊस तर मुळीच माहीत नाही. हे सगळे त्याला आपणच सांगायचे असते.

म्हणून संगणक उघडण्याआधी टेप घेऊन जागेवर जा. चारही बाजू मोजा. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजा. पुष्कळ लोक चार बाजू मोजतात आणि घरी येऊन संगणकावर सरळ काटकोनी चौकोन काढतात. इथेच पहिली चूक होते. नुसत्या चार बाजूंनी जागेचा आकार ठरत नाही. खाटेची चौकट ढिली झाली की चारही गाते तेवढेच राहतात, पण खाट तिरकी होते ना, तसेच हे आहे.

समजा, जागा ४० फूट लांब आणि ३० फूट रुंद आहे. कोपरे काटकोनात असतील तर कर्ण बरोबर ५० फूट भरला पाहिजे. तीन, चार, पाचाचा हा हिशेब शाळेत सगळ्यांनीच केलेला आहे. आता जागेवर एक कर्ण ४८ फूट भरला तर काय समजायचे? जागा तिरकी आहे. ३० फुटांच्या बाजूचे दुसरे टोक सुमारे अडीच फूट सरकलेले आहे. गंमत अशी की क्षेत्रफळात मात्र फक्त चार चौरस फुटांचा फरक पडतो, म्हणून उताऱ्यावरचा आकडा पाहून ही गोष्ट कधीच कळायची नाही. संगणकावर काढलेले काटकोनी घर तसेच्या तसे आखले की त्याचा एक कोपरा शेजाऱ्याच्या हद्दीकडे अडीच फूट सरकणार. अडीच फुटांपायी दोन-दोन पिढ्या बोलेनाशी झालेली घरे आपण पाहिली आहेत. एक कर्ण मोजायला दोन मिनिटे लागतात. तेव्हा आधी कर्ण, मग नकाशा.

जागेवर असतानाच आणखी दोन गोष्टी टिपून घ्या. पहिली उत्तर दिशा. खिशातल्या फोनमधले होकायंत्र चालेल, पण ते गाडीजवळ किंवा लोखंडी फाटकाजवळ धरू नका, काटा फसतो. दुसरी गोष्ट जमिनीचा उतार. मावळात सपाट जागा थोडी. गवंड्याकडची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि चारही कोपऱ्यांना पाण्याची पातळी खुणावून ठेवा. कोणता कोपरा किती इंच खाली आहे ते वहीत लिहा. पुढे जोते किती उंच घ्यायचे आणि पावसाचे पाणी कुठून जाणार, हे याच चार आकड्यांवरून ठरते.

आता संगणकासमोर बसू. पहिला प्रश्न एककांचा. आपल्याकडे कागदोपत्री हेक्टर, आर आणि चौरस मीटर, बोलण्यात गुंठा, गवंड्याच्या तोंडी फूट-इंच, आणि सॉफ्टवेअर उघडावे तर त्यात पुष्कळदा मिलिमीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फूट. दोन्ही जवळजवळ सारखे, पण एक नव्हेत. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ज्या गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली, तिथल्या मिळकत पत्रिकेवर क्षेत्र चौरस मीटरमध्येच असते. तेव्हा आपण कोणत्या मापात काम करणार हे आधी ठरवा आणि सॉफ्टवेअरला तसे सांगा. तसे न सांगता ३० हा आकडा टाकलात आणि सॉफ्टवेअर मिलिमीटर धरून बसले असेल, तर तुमचे घर तीन सेंटीमीटरचे होईल. मुंगीला पुरेल!

दुसरा सापळा याहून लबाड आहे. दहा फूट पाच इंच हे माप कित्येकजण १०.५ असे लिहितात. पण दशांश चिन्हानंतरचा पाच म्हणजे पाच इंच नव्हे. तो अर्धा फूट, म्हणजे सहा इंच. फुटाचे बारा भाग असतात, दहा नव्हेत. एका मापात एक इंच चुकतो. अशी सहा मापे एका ओळीत आली की अर्धा फूट गेला. शिक्षक मित्रांनी हे उदाहरण वर्गात जरूर द्यावे. दशांश अपूर्णांक कशासाठी शिकायचे, हा मुलांचा प्रश्न तिथेच सुटेल.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. कागदावर नकाशा काढताना आपण सुरुवातीलाच प्रमाण ठरवतो, एकास शंभर किंवा एकास पन्नास. संगणकावर तसे करायचे नसते. तिथे घर खऱ्या मापाचेच काढायचे. भिंत तीस फुटांची असेल तर तीस फूटच लिहायचे. प्रमाण लागते ते फक्त छपाईच्या वेळी. ३० बाय ४० फुटांचे घर एकास पन्नास प्रमाणात साधारण १८ बाय २४ सेंटीमीटर होते, म्हणजे नेहमीच्या ए-फोर कागदावर ते बसते.

आणि छपाईचा विषय निघालाच आहे तर माझीच फजिती सांगतो. आमच्या घराचा नकाशा मी काढला, गावातल्या एका दुकानात छापून घेतला आणि गवंड्याच्या हाती दिला. छापताना पडद्यावर ‘पानात बसवा’ अशी खूण केलेली होती, तिकडे ना दुकानदाराचे लक्ष, ना माझे. यंत्राने नकाशा शंभराचा पंच्याण्णव केला. एका पडवीचे माप मी आकड्यात लिहायचे विसरलो होतो. गवंडी जुना आणि हिशेबाचा पक्का. त्याने पट्टी लावून नकाशावरून माप काढले आणि खड्डे आखले. दोन दिवसांनी मी टेप धरला तर तीस फुटांची पडवी साडेअठ्ठावीस फूट! “मास्तर, तुमच्या कागदात आहे तेच मी घेतलंय,” असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. खड्डे बुजवून पुन्हा खणले. मजुरी दोनदा गेली. नशीब, की खांब उभे राहिले नव्हते.

त्या दिवसापासून मी दोन नियम पाळतो, तुम्हीही पाळा. एक, नकाशाच्या कोपऱ्यात छापल्यावर बरोबर १० सेंटीमीटर भरेल अशी एक रेषा काढून ठेवावी. छापून आल्यावर आधी तिच्यावर पट्टी लावावी. ती दहा भरली तरच तो कागद खरा. दोन, प्रत्येक माप आकड्यात लिहावे आणि खाली ठळक अक्षरांत टीप द्यावी, ‘लिहिलेली मापे धरावीत, पट्टीने मोजू नये.’

यानंतर भिंतींची जाडी. २४ फूट रुंदीत बारा-बारा फुटांच्या दोन खोल्या बसवू, असे आपण सहज बोलून जातो. पण बाहेरच्या दोन भिंती आणि मधली एक, अशा तीन भिंती नऊ-नऊ इंचांच्या धरल्या तर २७ इंच, म्हणजे सव्वादोन फूट भिंतीतच गेले. उरले पावणेबावीस फूट. एकेक खोली दहा फूट साडेदहा इंचांची झाली, आणि गिलाव्याने त्यातही इंचभर खाल्ले. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये भिंत काढण्याआधी तिची जाडी आपण सांगावी. न सांगितल्यास ते आपल्या मनाने काहीतरी धरते, आणि ते माप आपल्या विटेचे असेलच असे नाही.

खोल्यांत सामान मांडून पाहण्याची सोय ही या साधनाची मोठी गोडी. पण त्यांत तयार मिळणारे सामान बहुधा परदेशी घरातले असते. तिथे सोफा मिळेल, गालिचा मिळेल. भाताची कणगी, पाण्याचे हंडे, देवघर, फवारणीचा पंप, चिखलाने माखलेले जोडे आणि ओल्या घोंगड्या-इरल्यांची जागा कुठून मिळणार? म्हणून घरातल्या वस्तू स्वतः टेपने मोजा आणि साधे चौकोन काढून त्यांना नावे द्या. मोटारसायकल सुमारे दोन मीटर लांब असते. ती पडवीत वळवता येते का ते पाहा. या कामात घरातल्या बायकांना संगणकाशेजारी बसवा. मोरी कुठे, सरपण कुठे, पावसाळ्यात कपडे वाळत कुठे घालायचे, याचे ज्ञान त्यांना असते. त्यांना न विचारता काढलेला नकाशा अर्धाच समजावा.

जिन्याचेही तसेच. नकाशावर एक लहानसा चौकोन काढून त्यावर ‘जिना’ असे लिहिले की जिना झाला, असे वाटते. जरा हिशेब करा. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत दहा फूट, म्हणजे १२० इंच उंची आहे. पायरी सात इंचांहून थोडी उंच धरली तरी सतरा चढ लागतात. सतरा चढांना सोळा पावले. दहा इंचांचे एक पाऊल धरले तर १६० इंच, म्हणजे तेरा फूट चार इंच लांबी झाली. ती जागा सरळ द्या किंवा वळण घेऊन द्या, पण द्यावी तर लागेलच. नाहीतर जिन्याची शिडी होते, आणि म्हाताऱ्या माणसांचे वर जाणे बंद होते.

श्रोतेहो, आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. सगळेजण घराचा आडवा नकाशा काढतात, म्हणजे वरून पाहिल्यावर दिसतो तो. उभा छेद फार थोडे काढतात. उभा छेद म्हणजे घर सुरीने मधोमध कापले तर कसे दिसेल ते चित्र. पाया, जोते, भिंत, वासे, आढे, वळचण, सगळे त्यात दिसते. आणि मावळात घर चांगले की वाईट हे ठरवतो पाऊस. तो आडव्या नकाशात कधीच दिसत नाही. तो उभ्या छेदातच दिसतो.

लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तलावांत तो साठवून टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीज निर्माण केली, एवढी त्याची ताकद. तसेच पूर्वेला तळेगावकडे उतरत गेलो की हाच पाऊस कितीतरी कमी होतो. म्हणजे एका तालुक्यातसुद्धा एकच नकाशा सगळीकडे चालत नाही. आणि घाटमाथ्याचा पाऊस सरळ उभा पडत नाही. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तो तिरका येतो. त्याला आपण झड म्हणतो. या साधनांत उन्हाची सावली दाखवण्याची सोय बहुधा असते. गाव आणि उत्तर दिशा बरोबर सांगितली की कोणत्या महिन्यात कोणत्या खिडकीतून ऊन येईल ते दिसते. पण झड दाखवण्याची सोय त्यांत नसते. ती आपण एका साध्या रेषेने करून घेऊ.

उभ्या छेदात वळचणीच्या टोकापासून भिंतीकडे खाली, पंचेचाळीस अंशांची एक तिरकी रेषा ओढा. ही झडीची रेषा. ती भिंतीला जिथे टेकेल, तिथून खालची भिंत भिजणार असे समजा. वळचण दोन फूट पुढे असेल तर भिंतीचा वरचा दोन फूट भाग कोरडा, बाकीची भिंत चार महिने ओली. घराला पडवी असेल तर काय होईल, तेही काढून पाहा. पडवी आठ फूट रुंद, आणि तिची वळचण जमिनीपासून सात फुटांवर. तिरकी रेषा सात फूट आत येऊन जमिनीलाच टेकते. भिंतीपर्यंत ती पोहोचतच नाही! आपल्या आजोबा-पणजोबांनी पश्चिमेला पडवी का ठेवली, याचे उत्तर त्या एका रेषेत आहे. त्यांच्याकडे संगणक नव्हता, पण भिजलेल्या भिंतीचा अनुभव होता.

आता याच छेदात आणखी एक हिशेब दिसेल. कौलांच्या पाख्याला उतार निदान दोनास एक हवा. दोन फूट पुढे गेलो की एक फूट खाली. घाटमाथ्यावर तो याहून थोडा तीव्रच असावा. आठ फूट पडवीला चार फूट उतार लागला. वळचण सात फुटांवर हवी असेल तर पडवीचे पाखे भिंतीला अकरा फुटांवर टेकले पाहिजे. पण भिंत दहाच फुटांची धरली असेल तर वळचण सहा फुटांवर येणार, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे डोके तिला लागणार. मग एक तर भिंत फूटभर उंच करा, नाहीतर पडवी सहा फुटांची करा. सहा फुटांच्या पडवीत वळचण सात फुटांवर राहते आणि भिंतीचा खालचा एक फूट तेवढा भिजतो. तिथे दगड किंवा फरशी लावली की भागते. ही काटछाट पडद्यावर पाच मिनिटांची आहे. वासे चढल्यावर तीच पाच हजारांनीही होत नाही.

चित्रातली सपाट छपरांची घरे पाहून पुष्कळांना भुरळ पडते. तशी घरे बांधली जातात, आणि काही पावसाळ्यांनी त्यांच्यावर पत्र्याची शेड चढते. हे आपण गावोगाव पाहतोच. सपाट स्लॅब घेऊच नये असे मी म्हणत नाही. पण तो घ्यायचा तर पाणी कोणत्या बाजूला वळवणार, ते नकाशात बाणाने दाखवा, आणि भिंतींवर सज्जे पुरेसे द्या.

पाणी किती, याचाही अंदाज घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. छपराखालचे क्षेत्र १०० चौरस मीटर असेल आणि दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा हजार लिटर पाणी तुमच्या वळचणीवरून खाली येणार. एक मोठा टँकरच म्हणा ना! हा हिशेब करताना उतरत्या पाख्याचे नव्हे, तर आडव्या नकाशातले क्षेत्र धरावे. आता हे पाणी पडणार कुठे? पन्हळ कोणत्या कोपऱ्यात उतरणार? जागेवर पाणीनळीने टिपलेले ते चार आकडे इथे काढा. पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जात असेल तर छपराची दिशाच बदला. शोषखड्डाही याच नकाशावर दाखवा, आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून तो पन्नास-साठ फूट तरी दूर ठेवा.

कामाच्या शिस्तीबद्दल दोन शब्द. भिंती, दारे-खिडक्या, पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा यांना सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे थर द्यावेत. त्यांना लेयर म्हणतात. जुन्या काळी पारदर्शक कागद एकावर एक ठेवत, त्यातलाच प्रकार. नळवाल्याला नळाचा थर दाखवा, गवंड्याला भिंतींचा. सगळे एकत्र दाखवले तर कुणालाच काही कळत नाही. रेषेचे टोक दुसऱ्या रेषेला अचूक चिकटवणारी स्नॅप नावाची सोय नेहमी चालू ठेवा. डोळ्याला जुळलेल्या दिसणाऱ्या रेषा पुष्कळदा जुळलेल्या नसतात, आणि मग क्षेत्रफळ चुकते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी काम साठवा. रोजच्या नकाशाला त्या दिवसाची तारीख द्या, आणि एक प्रत दुसरीकडे ठेवा. गवंड्याला पीडीएफ द्या, कारण ती फोनवर उघडते आणि चुकून बदलत नाही. अभियंत्याला मूळ फाइल द्या. त्याचे सॉफ्टवेअर वेगळे असेल तर डीएक्सएफ नावाच्या प्रकारात साठवून द्या.

आणि एवढे सगळे करूनही अभियंत्याला फाटा देऊ नका. हे साधन खांब काढून देते. तो खांब वरचा भार पेलेल का, हे घरगुती साधन सांगत नाही. भातखाचराची जमीन वेगळी, मुरमाची वेगळी, पायाही वेगळा. परवानगीचेही तसेच आहे. राज्यातल्या बहुतेक भागासाठी २०२० च्या डिसेंबरात बांधकामाची एकत्रित नियमावली आली, तेव्हा लोणावळा नगरपरिषदेचे क्षेत्र तिच्यातून वगळलेले होते. म्हणजे दोन गावांत चार-पाच मैलांचे अंतर असले तरी नियम वेगळे असू शकतात. आपल्या गावाला कोणता नियम लागू आहे, हे कचेरीत जाऊन विचारावे आणि घरापुढे किती जागा सोडायची तो आकडा आधी नकाशात घालावा. आपण काढलेला नकाशा म्हणजे आपला विचार. परवानगीला जाणारा नकाशा जाणत्या माणसाचाच असला पाहिजे. मात्र आपला विचार स्पष्ट असला की त्या माणसाचे काम सोपे होते, आणि आपल्यालाही चार प्रश्न धीटपणे विचारता येतात.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. शाळेत एखादा संगणक असेल तर मुलांना त्यावर पहिल्याच दिवशी बंगला काढायला लावू नका. आधी आपला वर्ग मोजायला सांगा. लांबी, रुंदी, दोन्ही कर्ण, खिडक्या, भिंतीची जाडी. मग तो वहीत काढू द्या, आणि त्यानंतर संगणकावर. शेवटी छापलेल्या नकाशावरून एखाद्या खिडकीचे माप काढायला सांगा आणि प्रत्यक्ष खिडकीला टेप लावून पाहू द्या. दोन्ही जुळले की मुलांचे चेहरे बघा. भूमिती, अपूर्णांक, प्रमाण आणि भूगोल एका तासात शिकवून होतात.

सहल काढाल तेव्हा कार्ले आणि भाजे इथेही याच नजरेने पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी लाकडी घराची रचना डोळ्यांपुढे ठेवून आख्खा डोंगर कोरला. भाज्याच्या चैत्यातले खांब लाकडी खांबांसारखे आत झुकवलेले आहेत. कार्ल्याचे दालन सुमारे १२४ फूट लांब आहे, आणि त्याच्या छताला लाकडी कमानी आजही दिसतात. खडक वरून खाली कोरत यायचे. एकदा छिन्नीने उडालेला दगड पुन्हा चिकटवता येत नाही. छताला हात घालतानाच खालचा खांब कुठे येणार हे ठरलेले असले पाहिजे. म्हणजे आधी मनात पूर्ण मोजणी आणि मग पहिला घाव.

आपल्याला त्यांच्यापेक्षा मोठी सवलत मिळाली आहे. पडद्यावर शंभर वेळा चुकता येते आणि त्याला पैसा पडत नाही. तिचा फायदा घ्या. चुका तिथेच करून घ्या. कर्ण मोजा, दहा सेंटीमीटरची रेषा तपासा, झडीची रेषा ओढा, पाण्याची वाट दाखवा आणि घरातल्या माणसांना विचारा. मग आषाढात लोणावळ्याकडून ढग उतरले आणि पागोळ्या धो धो वाहू लागल्या, तरी तुमच्या पडवीत धान्य कोरडे राहील, भिंत कोरडी राहील, आणि शेजारी पाण्याच्या तक्रारीसाठी नव्हे, तर चहासाठी येईल.